एकरंगी घर

तिन्हीसांजेला वालावलकरांकडे देवापुढे दिवा लागला, शुभंकरोति झालं, की घरातले चौघे जण जेवणाच्या टेबलाभोवती बसायचे आणि बाही सारून आपापला डावा हात मध्ये ठेवायचे. याला म्हणायचं हातमेळ. प्रत्येकाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळाच्या पट्ट्याएवढी रुंद मनपट्टी. चारही पट्ट्या कोवळ्या भातासारख्या हिरव्या दिसल्या, की निनाद त्यांचा फोटो काढून मेळसमितीकडे पाठवायचा आणि मग पानं वाढली जायची. गेल्या चार वर्षांत या चार पट्ट्यांच्या रंगात एकदाही फरक पडला नव्हता. म्हणून तर दारावर 'एकरंगी घर' अशी पितळी पाटी होती. अख्ख्या गल्लीत तशी पाटी दुसरी नाही! शेजारपाजारच्या सासवा आपल्या सुनांना ऐकवायच्या, "जरा त्या शाल्मलीकडे बघ. दुधात साखर विरघळावी तशी विरघळलीय."

शाल्मली म्हणजे निनादची बायको. दुधात विरघळलेली ही साखर रोज एकच विचार करायची, की या घरातून बाहेर कसं पडायचं.

आता तुम्ही म्हणाल, दार उघडायचं आणि चालू लागायचं! तेवढं सोपं असतं तर आणखी काय हवं होतं? त्यासाठी ही मनपट्टी काय भानगड आहे ते आधी समजून घ्यायला हवं.

माकूल हा समुद्रातला जीव तुम्ही मासळीबाजारात पाहिला असेल. तिथे तो पांढराफटक, लिबलिबीत पडलेला असतो, आणि त्यावरून त्याची परीक्षा करणं म्हणजे उतरवलेल्या झग्यावरून नाचणारीची परीक्षा करण्यासारखं आहे. जिवंत माकूल बघावी. आठ हात, वर दोन लांब सोंडा, तीन हृदयं आणि निळसर रक्त. तिच्या कातडीत लाखो रंगपेशी असतात. रंगपेशी म्हणजे रंगाने भरलेली इवलीशी पिशवी, कडेने बारीक स्नायू बांधलेली. स्नायूंनी ओढलं की पिशवी पसरते आणि रंग दिसतो. सोडलं की मिटते आणि रंग नाहीसा होतो. हे सगळं मज्जातंतूंच्या हुकमाने, पापणी लवायच्या आत. या पेशी प्रयोगशाळेत वाढवून माणसाच्या मनगटावर त्यांचं कलम करायचं, जसं आंब्याचं करतात. महिन्याभरात माणसाचे मज्जातंतू त्यांच्यात शिरतात आणि मन जसं बदलेल तसा पट्टीचा रंग बदलू लागतो. शांत असलात तर हिरवा, आनंदात नारिंगी, रागात करवंदासारखा काळपट जांभळा, दुःखात राखाडी, भीतीत हळदीसारखा पिवळा.

लोकांना हे भारी आवडलं. तोंडाने माणूस वाट्टेल ते बोलतो, पण पट्टी कशी खोटं बोलेल? मग लग्न जमवताना पट्टी, नोकरीच्या मुलाखतीत पट्टी, भांडण सोडवताना पट्टी. पुढे कायदाच झाला, की घरगुती तक्रारीत पट्टीचा रंग हाच पुरावा. कुणाला घर सोडायचं असेल तर मेळसमितीची परवानगी हवी. ती नसेल तर भाड्याने खोली मिळत नाही, नोकरी राहत नाही, आणि समितीची गाडी येऊन माणसाला मोठ्या अदबीने परत घरी पोचवते.

शाल्मलीला दोनदा पोचवलं होतं. पहिल्यांदा ती माहेरी पळाली. आईने दारातच तिचं मनगट धरून पाहिलं. "अगं, हिरवीगार आहेस की! मला किती घाबरवलंस! जा बाई घरी, संसारात भांड्याला भांडं लागायचंच." दुसऱ्यांदा ती थेट समितीपुढे गेली. तिथल्या बाईंनी चहा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुमचा हात तर तसं म्हणत नाही, शाल्मली."

निनादने तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. आवाज चढवणारी माणसं परवडली! तो ताटावर बसायचा आणि घास घ्यायचा नाही. त्याने घास घेतल्याशिवाय घरात कुणी घ्यायचा नाही हा नियम. काय चुकलं ते तो सांगायचा नाही. ते तिने ओळखायचं. ती एकेक चूक आठवून बोलायची. भाजीत मीठ कमी का? शाळेतून यायला उशीर झाला का? फोनवर आईशी जास्त बोलले का? तो भिंतीकडे बघत बसायचा. अन्न गार व्हायचं, सासूबाई पदराचं टोक पिळत राहायच्या, सासरे डोळे मिटून घ्यायचे. कधी अर्धा तास, कधी मध्यरात्रीपर्यंत. आणि एकदा कपाटाच्या खणात तिचा हात असताना त्याने तो खण सावकाश लोटला होता, तिच्याकडे बघत बघत, शांतपणे. नंतर स्वतःच बर्फ आणून दिला. त्या संध्याकाळीही हातमेळात चार पट्ट्या हिरव्या होत्या. निनादची हिरवी असणारच. सगळं त्याच्या मनासारखं चाललेलं असताना त्याला राग येईलच कशाला? पण शाल्मलीचं काळीज फाटत होतं आणि मनगट हिरवं होतं. आपल्यालाच वेड लागलंय, असं तिला वाटू लागलं.

ती प्राथमिक शाळेत शिकवायची. त्या वर्षी चौथीची सहल वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या 'गंमतघरा'त गेली. डॉक्टर हेमकांत मोंडकर नावाच्या सागरी जीवशास्त्रज्ञाने थाटलेली ती जागा. पोरं त्यांना मोंडकर सर म्हणायची. अर्धी चड्डी, डोक्यावर विस्कटलेले पांढरे केस आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. समुद्र म्हणजे यांच्या आजोळचं परसच जणू! इथे बाप गरोदर राहणारा समुद्रघोडा, तिथे शत्रू आला की स्वतःची आतडी बाहेर फेकून पळणारी समुद्रकाकडी. पोरं "ईऽऽ" म्हणून ओरडायची आणि पुन्हा काचेला नाकं लावायची.

"आता बघा हं जादू," सर म्हणाले. त्यांनी माकुलीच्या टाकीच्या काचेच्या तळाखालची वाळूची परात काढून तिथे एक पंचा पसरला. वाळूवर वाळूसारखी ठिपकेदार बसलेली माकूल क्षणात बदलली. मग पंचा ओढून त्यांनी तिथे काळ्यापांढऱ्या चौकटीची लुंगी सरकवली. माकुलीच्या पाठीवर फटकन एक पांढरा चौकोन उमटला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"सर, लुंगी कुणाची?"

"माझीच! धुतलेली आहे रे! आणि मजा पुढेच आहे. या बाईसाहेबांना रंग दिसतच नाहीत. डोळ्यांनी जग बघतात ते काळंपांढरं. तरी नेमका रंग कसा जुळवतात, यावर शास्त्रज्ञांची अजून डोकेफोड चाललीय. कातडीलाच थोडंफार दिसत असावं, असा एक अंदाज आहे. कातडीला डोळे! आहे की नाही कमाल?"

शाल्मली मागे उभी होती. तिने विचारलं, "सर, ती घाबरली की कोणत्या रंगाची होते?"

"छान प्रश्न, बाई! पहिल्यांदा दचकते तेव्हा चमकते, रंग उडतो. पण धोका जवळच ठाण मांडून बसला, तर भीतीला तिच्याकडे स्वतःचा रंगच नाही. मग ती शेजारी जे असेल त्याचा रंग घेते. जितकी जास्त घाबरलेली, तितकी हुबेहूब."

शाल्मलीने बाही सारून आपली पट्टी पाहिली. तिने टाकीची कड धरली. पोरं समुद्रघोड्यांकडे पळाली तशी ती म्हणाली, "सर, माझी पट्टी बघा."

पट्टी नारिंगी होती. सर हसले. "वा, माझ्यासारखीच! मजा आली ना?"

"मला मजा नाही आली. मी चार वर्षांत हसलेले नाही. नारिंगी तुम्ही आहात, सर. तुमच्या शेजारी उभी आहे म्हणून मी नारिंगी आहे. घरी नवऱ्याशेजारी हिरवी असते." तिने हात आणखी पुढे केला. "तुम्हांला मी ओळखतही नाही. पण मला आता सगळ्यांचीच भीती वाटते."

मोंडकर सरांनी तिचं मनगट आपल्या मनगटाशेजारी धरलं. मग दूर नेऊन समोरच्या निळ्या खांबाजवळ धरलं. पट्टी हळूहळू निळसर झाली. मनपट्टीच्या रंगांत निळा नव्हताच! सरांचे डोळे विस्फारले.

"आयला! म्हणजे कलम केलेल्या पेशी काही विसरलेल्याच नाहीत! थोडी भीती असेल तोवर पट्टी पिवळी होते, आणि भीती रोजचीच झाली की सरळ आपल्या जुन्या धंद्याला लागते, लपायच्या! काय सुंदर आहे हे! कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? अहो बाई, ही तर..."

"तुम्हांला मजा वाटतेय, सर?"

आयुष्यात पहिल्यांदा सरांना आपल्या आनंदाची लाज वाटली. खुर्ची पुढे ओढून त्यांनी तिला बसवलं. "चुकलो, पोरी. सांग. पहिल्यापासून सांग."

तिने सांगितलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "पुन्हा अर्ज कर. साक्षीला मी येतो. पट्टी लपते हे मी त्यांच्यासमोर करून दाखवीन. डोळ्यांनी पाहिल्यावर कोण नाही म्हणेल?"

मनात मात्र त्यांना थोडं धस्स झालं होतं. गंमतघर चालवायची परवानगी दरवर्षी याच मेळसमितीकडून यायची. 'माकूल का लपते?' असा एक फलक त्यांनी समितीच्या सूचनेवरूनच उतरवला होता. मुलांच्या मनात नसत्या शंका नकोत, असं समितीचं म्हणणं. तेव्हा ते "बरोबर आहे तुमचं" म्हणून मान डोलवून आले होते. अशी मान त्यांनी बरीच वर्षं डोलवली होती.

सुनावणी तालुक्याच्या गावी समितीच्या सभागृहात झाली. अध्यक्षा संपदाताई धुरी. मृदू बोलणाऱ्या, समोरच्याला आधी पाणी विचारणाऱ्या. त्यांच्या दोन बाजूंना दोन सदस्य. समोर एका बाकावर शाल्मली, शेजारी निनाद, मागे त्याचे आईवडील. सगळ्यांच्या बाह्या वर, नियमाप्रमाणे.

"मला या घरात राहायचं नाही," शाल्मली म्हणाली. "मला भीती वाटते. ही माझी करंगळी बघा, ही आता सरळही होत नाही. यांनी खण लोटून मोडली."

त्याच हातावर पट्टी होती. तिघांनी पट्टी पाहिली. करंगळी बघायला कुणाची नजर तीन बोटं पुढे सरकली नाही. एका सदस्याने त्या दिवशीचा हातमेळाचा फोटो पडद्यावर लावला. "हिरवी आहे हो," तो म्हणाला. "अपघात झाला असेल."

"झालाच होता," निनाद हळुवारपणे म्हणाला. "मीच बर्फ लावला."

मोंडकर सर उठले. त्यांनी माकुलीची गोष्ट सांगितली, रंगपेशी समजावल्या, लुंगीचा किस्साही सांगितला. संपदाताई कौतुकाने हसल्या. "किती छान सांगता हो तुम्ही! लहान झाल्यासारखं वाटलं. पण हा प्राण्याचा गुण झाला. माणसाचं काय?"

"दाखवतो," सर म्हणाले. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला होता. निनादच्या पुढे कप ठेवला गेला. सर सरळ चालत त्याच्याजवळ गेले, त्याच्यासमोरचा कप उचलला आणि मोठ्याने भुरका मारला. मग तसाच उष्टा कप शाल्मलीच्या हातात दिला. "घे गं, पी. यांच्या आधी पी."

सभागृहात हशा पिकला. निनादही हसला. "घ्या ना सर, घ्या. चहाच तर आहे." पण त्याची पट्टी करवंदी होत गेली. काठापासून आत, गडद, अधिक गडद. आणि पुढच्याच श्वासाला शाल्मलीची पट्टी करवंदी झाली. मागच्या बाकावर सासऱ्यांची झाली. सासूबाईंचीही झाली, तशी त्यांनी घाईघाईने मनगटावर पदर ओढला.

"पाहिलंत?" मोंडकर सर जवळजवळ ओरडलेच. "रागावला कोण? हा एकटा! ही तिघं रागावलेली नाहीत. ही तिघं भीतीने अर्धमेली झालीत! नुसती शाल्मली नव्हे, त्याचे जन्मदाते आईवडीलसुद्धा! एकरंगी घर म्हणजे हे. जिथे एकाचाच रंग चालतो आणि बाकीचे लपून बसतात!"

शाल्मलीने चार वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आता दिसलं त्यांना. आता त्यांना नाही म्हणता येणार नाही. तिला हुंदकाच फुटला.

संपदाताईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. खरोखर भरून आले होते, त्यात नाटक नव्हतं.

"डॉक्टर, मी पंधरा वर्षं या खुर्चीत बसतेय," त्या म्हणाल्या. "असं दृश्य कधी पाहिलं नाही. एकाच्या मनाला लागलं आणि चौघांच्या मनाला लागलं! नवऱ्याचा अपमान झाला तर बायकोचं रक्त उसळलं. आजकाल कुठे बघायला मिळतं हे? शाल्मली, अगं, तू तोंडाने काही म्हण, पण तुझा जीव यांच्यात किती गुंतलाय ते आम्ही आत्ता डोळ्यांनी पाहिलं. वेडी मुलगी!"

"अहो, ही माया नाही, भीती आहे!" सर म्हणाले.

"भीती पिवळी असते, डॉक्टर."

"तेच तर मी सांगतोय! पहिल्यांदा पिवळी असते, नंतर..."

"नंतर सगळ्यांसारखी होते म्हणता. म्हणजे तुमच्या मते जगातलं प्रत्येक सुखी घर भेदरलेलं?" संपदाताईंचा स्वर चढला नाही. त्या फक्त थांबल्या आणि त्यांनी सरांकडे नीट पाहिलं. "हे तुम्ही गंमतघरात मुलांनाही सांगता का?"

मोंडकर सरांना तो उतरवलेला फलक आठवला.

"बरं, निर्णय घेऊ," त्या म्हणाल्या. समितीचा निर्णय घेण्याची रीत अशी, की सदस्यांनी आणि साक्ष देणाऱ्या तज्ज्ञानेही हात टेबलावर ठेवायचा. रंग जुळले तर निर्णय एकमताचा, आणि एकमताच्या निर्णयावर पुन्हा अर्ज करता येत नाही. रंग वेगळे निघाले तर प्रकरण वरच्या समितीकडे जायचं. शाल्मलीला एवढंच पुरे होतं. एक वेगळा रंग. तिने मोंडकर सरांकडे पाहिलं. रागाने त्यांचा चेहरा लाल झाला होता, कपाळाची शीर उडत होती. त्यांची पट्टी करवंदी असणारच.

संपदाताईंनी हात ठेवला. त्या समाधानी होत्या, त्यांची पट्टी भातासारखी हिरवी. दोन्ही सदस्यांनी हात ठेवले. हिरवे. मोंडकर सरांनी आपला हात धाडकन टेबलावर आपटला.

हिरवा.

सर हाताकडे बघत राहिले. तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसे. त्यांनी दुसऱ्या तळव्याने पट्टी चोळली, पुन्हा पाहिली. किंचितही डाग नाही. आपण या बाईला घाबरतो? किती वर्षांपासून? आणि आपल्याला हे ठाऊकच नव्हतं?

"डॉक्टर, तुमची काही हरकत?" संपदाताईंनी विचारलं. विचारताना त्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"आहे! माझी हरकत आहे!"

"तुमचा हात तर तसं म्हणत नाही," त्या प्रेमाने म्हणाल्या आणि 'एकमताने' असा शेरा मारून त्यांनी सही केली.

निनादने शाल्मलीची पर्स उचलून तिच्या खांद्याला अडकवली. तिची पट्टी आता हिरवी होत चालली होती, कारण निनादची होत चालली होती. दारापाशी तिने एकदा मागे वळून पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. तिला सरांचा रागही आला नाही. उलट कीवच आली.

"हरकत आहे!" मोंडकर सर ओरडले. "अहो, ऐका कुणीतरी! माझी हरकत आहे!"

शिपाई धावत आला. त्याने आधी सरांच्या मनगटाकडे पाहिलं, मग त्यांच्यापुढे चहाचा नवा कप ठेवला आणि पंखा थोडा मोठा केला.